ॲपमध्ये लोह निम्मंच दिसतंय, मग गोळ्या सुरू करू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३४, वजन ५८ किलो, बैठं काम, शाकाहारी, दूध-दही चालतं. आठवडाभर सगळं जेवण ॲपमध्ये भरलं. रोजचं लोह सरासरी १४ मिलीग्रॅम आलं, शिफारस २९ ची आहे. प्रथिनं ४६ ग्रॅम आली, पण जिममधला ट्रेनर म्हणतो याच्या दुप्पट हवीत. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर हेच खाल्लं, आम्हाला काय झालं? सरकारी शिफारशी खऱ्या धरल्या तर मी रोजच कुपोषित ठरते. लोहाच्या गोळ्या आणि प्रोटीन पावडर सुरू करू का?

पावडर नको. गोळ्या रक्त तपासल्याशिवाय नकोत. इथेच थांबता आलं असतं, पण तुमच्या प्रश्नात दोन-तीन वेगळ्या कामांचे आकडे एकमेकांत अडकलेत, आणि हा गुंता तुमच्या एकटीचा नाही. हल्ली माणसं मोबाइल पुढे करूनच खुर्चीत बसतात: लाल पट्टी, खाली ‘४८ टक्के’. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२९ हा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा, म्हणजे एनआयएनचा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, छत्राखालची ही संस्था १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. भारतीयांना कोणता घटक रोज किती लागतो याचे तक्ते आपल्याकडे १९४४ पासून निघतात. सध्या चालू आहेत ते २०२० चे. या तक्त्यांत आता एकेका घटकाचे तीन-तीन आकडे मिळतात. पहिला ईएआर, म्हणजे त्या वयाच्या निरोगी माणसांची सरासरी गरज. दुसरा आरडीए, म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांची गरज भागेल एवढं प्रमाण. तिसरा टीयूएल, म्हणजे रोज याच्या वर जाऊ नये अशी मर्यादा. बायकांच्या लोहाचे हे तीन आकडे आहेत १५, २९ आणि ४५ मिलीग्रॅम. ॲपवाल्यांनी त्यातला मधला उचलला आणि त्याला शंभर टक्के म्हटलं.

१५ कसा निघाला ते पाहू. त्वचा, आतडी आणि मासिक पाळी यांतून बाईच्या शरीरातून दिवसाला सरासरी सव्वा मिलीग्रॅमच्या आसपास लोह जातं. तेवढं भरून काढायचं. आपल्या धान्य-डाळींच्या जेवणातलं लोह मात्र सगळं अंगी लागत नाही; २०२० च्या समितीने ८ टक्के लागतं असं धरलं. १५ मिलीग्रॅम खाल्लं तर १.२ आत जातं, हिशेब जुळतो. आता पुढची पायरी. पाळीतला रक्तस्राव सगळ्या बायकांना सारखा नसतो. बहुतेकींचा थोडा ते मध्यम, आणि काहींचा फार जास्त. या शेवटच्या काहींनाही पुरेल असा आकडा काढायचा म्हटलं की तो सरासरीच्या जवळपास दुप्पट होतो, २९. प्रथिनांच्या गरजेत माणसामाणसांत एवढा फरक नाही, म्हणून तिथे ईएआर किलोमागे ०.६६ ग्रॅम आणि आरडीए ०.८३, म्हणजे जेमतेम सव्वापट.

घराच्या दाराची उंची ठरवताना गावातला जवळजवळ प्रत्येकजण न वाकता जाईल असं बघतात. आपलं डोकं चौकटीला लागत नाही म्हणून कुणी उंची वाढवायची औषधं घेत नाही. आरडीए ही त्या चौकटीची उंची आहे, तुमची नाही.

मग १४ चा अर्थ काय? सरासरी गरज १५, तुम्ही तिच्या किंचित खाली. म्हणजे तुम्हाला लोह अपुरं पडत असण्याची शक्यता अर्ध्याच्या थोडी वर. यापलीकडे तो आकडा काही सांगत नाही. खरा प्रश्न ॲप विचारतच नाही: पाळी किती दिवस चालते, पॅड किती वेळा बदलावं लागतं, गाठी जातात का? पाळी हलकी असेल तर १४ मध्ये तुमचं आरामात भागेल. भरपूर जात असेल तर २० मिलीग्रॅम खाऊनही भागणार नाही, आणि तेव्हा ताटाआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवं.

आणखी एक गंमत. २०१० च्या तक्त्यांत बायकांसाठी हाच आकडा २१ होता. दहा वर्षांत बायकांची शरीरं बदलली नाहीत, हिशेबाची पद्धत बदलली. त्याच जेवणावर २०१९ साली ॲपने तुम्हाला ६७ टक्के दिले असते.

सरासरी आणि शिफारस यांची ही गल्लत नवी नाही, आणि तिच्यावर सगळ्यात खणखणीत बोट ठेवणारा माणूस आपला मराठीच होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते जवळजवळ दोन दशकं प्रमुख होते. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीचा प्रसिद्ध अभ्यास मांडला आणि माणशी रोज २२५० कॅलरी ही रेघ धरली. सुखात्म्यांचा आक्षेप असा की हा सरासरी गरजेचा आकडा आहे. तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी म्हणायचं तर पूर्ण निरोगी, पोटभर जेवणाऱ्या समाजातही निम्मे लोक उपाशी ठरतील, कारण सरासरीच्या खाली निम्मे असतातच. रेघ सरासरीच्या बरीच खाली घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्यातल्या दोन विद्वानांची ही जुगलबंदी पुढे वर्षानुवर्षं चालली.

सुखात्म्यांचं संख्याशास्त्र मला पूर्ण पटतं. त्यांचं दुसरं म्हणणं, की शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेतं आणि त्याने फारसं बिघडत नाही, ते मात्र मला तितकं पटत नाही. जुळवून घेतं हे खरं, पण त्याची किंमत कामाच्या दमात आणि मुलांच्या उंचीत चुकवावी लागते. एनआयएनचे संचालक राहिलेल्या सी. गोपालन यांनी ‘लहानखुरं पण ठणठणीत’ या कल्पनेला आयुष्यभर विरोध केला तो याचसाठी. तरीही मूळ मुद्दा शिल्लक राहतो. समाजात किती लोकांना एखादा घटक कमी पडतो हे मोजायचं तर ईएआर वापरायचा, आरडीए नाही. २०२० पर्यंत आपल्या तक्त्यांत ईएआर वेगळा छापलेलाच नव्हता, त्यामुळे आरडीएपेक्षा कमी खाणारे सगळे ‘कमतरतेचे’ धरले जात, आणि वर्तमानपत्रांत मोठमोठी टक्केवारी यायची. अजूनही येते.

रक्तक्षयाचे आकडेही असेच सांभाळून वाचावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायका रक्तक्षयी निघाल्या. ही तपासणी बोट टोचून काढलेल्या थेंबावर होते. २०१६ ते २०१८ मधल्या मुलांच्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के आला. बोटाच्या थेंबावर कुटुंब सर्वेक्षणाच्या त्याच सुमाराच्या फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांत तो ५८ टक्क्यांच्या वर होता. दुखणं मोठं आहेच, ४१ टक्के ही काही चैनीची संख्या नव्हे. पण सगळं लोहाच्या माथी मारून चालत नाही. शाकाहारी घरात बी-१२ आधी तपासावं लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि नंतर त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. नुसतं लोह गिळून ही तूट भरत नाही. उलट दोन-तीन महिने गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन तसंच राहिलं की बाई म्हणते, ‘माझ्या अंगाला लोह लागतच नाही.’

आता तुमच्या ताटाकडे येऊ, कारण खरी सुधारणा तिथेच आहे. तुम्ही पाठवलेल्या नोंदीतला मंगळवार घेतला. सकाळी ५० ग्रॅम पोहे, वर दाणे, पाठोपाठ चहा. दुपारी तीन पोळ्या, म्हणजे ९० ग्रॅम कणीक. मेथीची भाजी, वरण आणि ५० ग्रॅम तांदळाचा भात. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री एक ज्वारीची भाकरी, साधारण ६० ग्रॅम पीठ, आणि आमटी. दिवसभरात दूध-दही मिळून २०० मिलिलिटर. एकूण सोळाशेच्या आसपास कॅलरी, धान्य बरोबर २५० ग्रॅम, आणि डाळ दोन्ही वेळची मिळून ४५ ग्रॅम.

डाळीचं हे माप मी मुद्दाम काढलं. वरण रोज असतं हे कुठल्याही मराठी घरात खरं असतं, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान असतं. कुकरच्या डब्यात चौघांसाठी एक वाटी तूरडाळ पडते. ती वाटी वजनावर ठेवली की १२०-१२५ ग्रॅम भरते. माणशी ३० ग्रॅम, त्यातली प्रथिनं साडेसहा ग्रॅम. बाकी ताटात जे दिसतं ते पाणी आणि फोडणी. ओपीडीत मी वजनकाटा आणि डाळीचा डबा जवळच ठेवते. एकदा एका आजींनी सुनेची बाजू घेत ठासून सांगितलं, ‘आमच्यात वरण कधी चुकत नाही, हं.’ मी त्यांनाच वाटी भरायला सांगितली, काट्यावर ठेवली, घरातल्या माणसांनी भागली. आजी हसून म्हणाल्या, ‘म्हणजे वरणाचा नुसता वास लागतो म्हणा की सगळ्यांना.’

मे २०२४ मध्ये आलेल्या एनआयएनच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसभराचं जे ताट दिलंय त्यात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत. ताट २००० कॅलरींचं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध ३०० मिलिलिटर, दाणे-बदाम-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. सगळी वजनं कच्च्या मालाची. मांसाहारी माणसाने डाळीतला काही भाग अंडी, मासे, मटण यांनी भरावा. भाज्यांच्या चारशेत शंभर ग्रॅम पालेभाजी आणि शंभर ग्रॅम कंद धरलेत. तक्त्यांतल्या मिलीग्रॅमांचं जेवणात रूपांतर करण्याचं काम संस्थेने स्वतःच करून ठेवलंय. घरी वापरायचं ते हे ताट. आरडीएचे तक्ते आमच्यासारख्यांसाठी, शाळा-अंगणवाडीचा आहार आखणाऱ्यांसाठी आणि लेबलं छापणाऱ्यांसाठी.

एक सावधगिरी. हे ताट जसंच्या तसं तुम्ही खाल्लंत तर वजन वाढेल. बैठं काम करणाऱ्या बाईची गरज २०२० च्या हिशेबात १६६० कॅलरी आहे, तीही ५५ किलोच्या नमुना-बाईची. मध्यम कष्टाची असेल तर २१३०, अंगमेहनतीची २७२०. तुम्ही कात्री लावायची ती धान्याला आणि तेलाला. डाळ, भाजी, दूध तसंच ठेवायचं.

सासूबाईंच्या म्हणण्याचं उत्तरही यातच आहे. आपल्या जेवणातलं लोह कॅलरींच्या मागोमाग येतं. तुमच्या सोळाशे कॅलरींत १४ मिलीग्रॅम आलं. हेच जेवण अंगमेहनतीच्या भुकेने कुणी २७०० कॅलरींचं केलं तर लोह आपोआप २३ पर्यंत जातं. शेतात, विहिरीवर, जात्यावर राबलेल्या पिढीला दोन भाकऱ्या जास्त लागायच्या, आणि त्या भाकऱ्यांतून सगळंच जास्त मिळायचं. तुमची भूक कमी झाली पण पाळी तेवढीच राहिली. सोळाशे कॅलरींच्या घरगुती शाकाहारी जेवणात २९ मिलीग्रॅम लोह बसवायचा प्रयत्न करून बघा, मी केलाय. ताट असं विचित्र होतं की कुणी आठवडाभरही जेवणार नाही. सासूबाईंच्या वयाच्या किती बायकांना बाळंतपणात रक्त चढवावं लागलं, तेही मात्र त्यांना हळूच विचारा. ‘आम्हाला काय झालं’ म्हणणारे सगळे तगलेले असतात.

मंगळवारच्या ताटात एवढाच बदल करा: एक पोळी आणि दुपारचा भात काढा, आणि त्याजागी २५ ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, एक वाटी दही आणि मूठभर, साधारण २० ग्रॅम, शेंगदाणे घाला. कॅलरी तेवढ्याच राहतात. पोळी-भाताबरोबर ७ ग्रॅम प्रथिनं गेली, नव्या जिनसांनी १५ आणली. ४६ ची ५४ झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे धान्य १७० आणि डाळ ७० ग्रॅम झाली. आधी धान्य डाळीच्या साडेपाचपट होतं, आता अडीचपटीच्या आत आलं. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत भरपूर. म्हणून ही जोडी तीनास एकच्या आसपास असेल तर दोन्हींतली प्रथिनं नीट कामी येतात. ०.८३ ग्रॅमचा आकडा चांगल्या प्रतीच्या प्रथिनांसाठी आहे. जेवण बहुतांश धान्याचंच असेल तर तक्त्यांतच किलोमागे १ ग्रॅम सांगितलंय. तुमच्या ५८ किलोला पहिल्या हिशेबाने ४८ ग्रॅम लागतात, दुसऱ्याने ५८. पोळी-भात रेटत राहिलात तर ४६ कमी पडतात. डाळ-दही वाढवलंत तर ५४ पुरून उरतात.

ट्रेनरबद्दल. जो नेमाने जड वजनं उचलतो त्याला किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनांचा फायदा होतो, याला आधार आहे. तुम्ही जिममध्ये नेमकं काय करता ते लिहिलेलं नाही. चालायचा पट्टा आणि थोडं स्ट्रेचिंग असेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाहीच. पावडर घेऊ नये, असं २०२४ च्या सूचनांत स्पष्ट आहे. प्रथिनांची लाट मला नवी वाटत नाही. साठ-सत्तरच्या दशकात जगभर ‘प्रथिनांची दरी’ म्हणून ओरड होती, गरीब देशांसाठी खास प्रथिनयुक्त पिठं निघाली. गोपालन आणि सुखात्मे दोघेही तेव्हा सांगत होते की गरिबाच्या मुलाला आधी पोटभर जेवण मिळत नाही. ते मिळालं की प्रथिनंही बरीचशी येतात. तेव्हा विकणारे वेगळे होते, गिऱ्हाईक वेगळं होतं.

लोह किती खाता यापेक्षा किती अंगी लागतं हे तुमच्या हातात जास्त आहे. पोह्यांवर लिंबू पिळता का? त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. आणि लगेच चहा घेतलात की टॅनिन ते अडवतं. आपल्याकडे पोहे आणि चहा यांची फारकत करणं म्हणजे धर्म बुडवण्यासारखं आहे, मला कल्पना आहे. तरी सूचना अशी आहे की जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा-कॉफी नको. दुपारच्या जेवणानंतरचा चहा तरी पुढे ढकला. कडधान्यं मोड आणून खा, मोडांनी लोह अडवणारं फायटेट कमी होतं. पेरू, आवळा, कच्ची कोशिंबीर जेवणातच घ्या. लोखंडी कढईत आमटी किंवा टोमॅटोची भाजी केली तर थोडं लोह उतरतं.

गूळ, बीट आणि डाळिंबाच्या भरवशावर मात्र राहू नका. गुळात १०० ग्रॅमला साडेचार मिलीग्रॅमच्या आसपास लोह आहे. तुमचा खडा दहा ग्रॅमचा, म्हणजे अर्धा मिलीग्रॅमही नाही. बीट आणि डाळिंबात १०० ग्रॅमला १ मिलीग्रॅमही भरत नाही, रंग लाल एवढंच. त्यापेक्षा बाजरी बरी, १०० ग्रॅमला ६.४; थंडीत रात्रीची भाकरी बाजरीची करा. हे आकडे एनआयएनच्या २०१७ च्या, कुठल्या पदार्थात काय किती असतं त्या तक्त्यांतले आहेत. ॲपमध्ये कधी अमेरिकी पालक असतो, कधी शिजवलेली डाळ कच्च्या डाळीच्या आकड्यांनी मोजलेली असते. दोन-तीन मिलीग्रॅमचा फरक तिथेच पडू शकतो.

पाकिटावरच्या लेबलाचंही सांगून ठेवते. त्यावर ‘आरडीएच्या किती टक्के’ असं येतं तेव्हा साखरेसाठी ५० ग्रॅम धरलेले असतात. २०२४ च्या सूचनांत मात्र २००० कॅलरींमागे २५ ग्रॅमची मर्यादा आहे. २५ ग्रॅम साखरेची बाटली लेबलवर ‘५० टक्के’ दाखवते, प्रत्यक्षात दिवसाचा सगळा कोटा तिने संपवलेला असतो. दोन्ही आकडे सरकारीच. मिठाचं बरं, तिथे दोघांचं एकमत आहे: ५ ग्रॅम, त्यात लोणचं-पापड आलं.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट सोडवत नाही. हे ताट चौघांच्या घरात खरंच मांडायचं तर महिन्याला दहा किलो डाळ आणि ४८ किलो भाजी लागते. तुम्हाला हे परवडेल, सवयीचाच काय तो प्रश्न. रेशनवर अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. नियमित डाळ त्यात नाही. प्राथमिक शाळेच्या पोषण आहारात १०० ग्रॅम धान्याला २० ग्रॅम डाळ आहे, पाचास एक. ज्या देशाचं मार्गदर्शक ताट तीनास एक सांगतं त्याच देशाच्या शाळेच्या खिचडीत पाचास एक पडतं. रेशनच्या तांदळात गेली काही वर्षं लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळत होते. किलोला २८ ते ४२.५ मिलीग्रॅम लोह. अशा १५० ग्रॅम तांदळातून चार ते सहा मिलीग्रॅम जास्त मिळायचं. त्यावर शाळेत लोहाची गोळी आणि गरोदरपणात रोज ६० मिलीग्रॅमची. हे सगळं एकाच घरात पोचतं तेव्हा बेरीज कुणी तरी करायला हवी, आणि ती ईएआरने करायला हवी. आरडीए धरली की गरज कायम मोठी दिसते आणि डाळीऐवजी मिश्रणावर खर्च होत राहतो. हे माझं मत आहे. याच्या उलट मत असलेले जाणते लोकही आहेत.

आता तुमचं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, यातच हिमोग्लोबिन येतं), फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारं) आणि बी-१२ या तीन तपासण्या करा. फेरिटिन सर्दी-तापात किंवा कुठे सूज असेल तर वाढून दिसतं, म्हणून बरं असताना करा किंवा जोडीला सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी तपासणी, घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या वर आणि फेरिटिन व्यवस्थित असेल तर ॲपमधली लाल पट्टी विसरा. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपलाय. मग गोळ्या लागतील आणि किती, किती दिवस ते डॉक्टर सांगतील. गोळीतलं लोह ४५ च्या वर असतं म्हणून घाबरू नका. ती मर्यादा रोजच्या आहारासाठी आहे, उपचारासाठी नाही. हिमोग्लोबिन कमी, लाल पेशी लहान, पण फेरिटिन चांगलं असं आलं तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक, सौम्य रक्तदोषाची तपासणी करून घ्या. तिथे लोह देऊन काही साधत नाही. बी-१२ कमी आलं तर दही वाढवून भरून निघणार नाही, तेही औषधानेच. गोळी चालू झालीच तर चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब ठेवा, आणि पाळीचं वर विचारलंय ते तपासणीच्या चिठ्ठीवर लिहून न्या.